खाट एक, पाळ्या दोन

“दोघांना अख्खी खोली?” आबांनी विचारलं. “मग रडतायत कशाला?”

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी डब्याच्या झाकणात चकलीचे तुकडे, आणि पडद्यावर १९३२ सालचं बर्लिन. मी दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवून आबांना संवाद मराठीत सांगत होते. थांबवला की ते वैतागायचे, नाही थांबवला की “काय बोलली ती?” म्हणून कोपर मारायचे.

माझा पोटापाण्याचा धंदा जर्मनमधून भाषांतर करण्याचा. त्यातही यंत्रांच्या माहितीपुस्तिका. त्या भाषेत कुणी कुणावर प्रेम करत नाही, फक्त बोल्ट आवळले जातात, झडपा बंद केल्या जातात आणि तेलाची पातळी तपासली जाते. तीही कुणी तपासायची ते सांगत नाहीत. कानाला जरा माणसांचं जर्मन लागावं म्हणून मी जुने बोलपट बघायला लागले. सुरुवातीच्या बोलपटांतली माणसं स्पष्ट बोलतात. आवाजाची यंत्रणा नवी, थिएटरातले कर्णे बेताचे, शेवटच्या रांगेतल्या गिऱ्हाइकालाही तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत. शिकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं.

त्या ओघात हा सापडला. ‘इश बाय टाग उंड डू बाय नाख्ट’, म्हणजे ‘मी दिवसा आणि तू रात्री’. दिग्दर्शक लुडविग बर्गर, निर्माता एरिक पॉमर, कंपनी उफा. नोव्हेंबर १९३२च्या अखेरीला लागला. मी आधी एकटीनेच पाहिला आणि पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकलं की हा आबांना दाखवायचाच. लालबागच्या गाळ्यात नऊ वर्षं पाळीने झोपलेल्या माणसाला हा सिनेमा नाही दाखवायचा तर कुणाला?

गोष्ट एका ओळीची आहे. बर्लिनमधल्या झायडेलबास्ट नावाच्या विधवा घरमालकिणीने एकच खोली दोघांना भाड्याने दिलीय. ग्रेटे दिवसा सलूनमध्ये लोकांची नखं कोरते आणि रात्री खोलीवर झोपते. हान्स एका नाइटक्लबात वेटर आहे, तो रात्रभर पळतो आणि दिवसा त्याच खाटेवर झोपतो. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि न पाहताच दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. त्याचा पसारा तिला खुपतो, तिच्या वस्तू त्याला अडतात. बाहेर मात्र ही दोघं योगायोगाने भेटतात, आणि त्याला वाटतं ती श्रीमंत क्र्यूगरांची मुलगी. तिला वाटतं हा कुणी बडा असामी. झालं, पडले प्रेमात.

“ही म्हातारी हुशार हाय,” आबा म्हणाले, “आमच्या खानावळवालीसारखी.”

कल्पना काही बर्गरची किंवा उफाची नव्हे. इंग्रजी रंगभूमीवर १८४७ सालीच एक फार्स येऊन गेला होता, एका खोलीत दिवसा एक आणि रात्री दुसरा. त्यात एक छापखान्यातला, एक टोप्या विकणाऱ्याकडचा, आणि मध्ये दोन्हीकडून भाडं खाणारी बाई. पण फार्स म्हणजे दारं आपटण्याची गंमत. बर्लिनमध्ये ही गोष्ट आली तेव्हा तिला एका खऱ्या शहराचा वास लागला. तिथे अशा माणसाला रीतसर नाव होतं, ‘श्लाफगेंगर’, म्हणजे फक्त झोपायला येणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बर्लिन झपाट्याने फुगलं, कारखान्यांत पाळ्या सुरू झाल्या, आणि कामगारांची बिऱ्हाडं भाडं भागवायला आपली खाट तासांच्या हिशेबाने परक्याला देऊ लागली. घरातली मुलं जमिनीवर, श्लाफगेंगर खाटेवर. ज्या इमारतींत हे चालायचं त्यांना लोक ‘भाड्याच्या बराकी’ म्हणत. रस्त्याकडचा भाग देखणा, आणि आत एकामागोमाग एक चौक. हे चौक किती मोठे असावेत याचा १८५३चा नियम होता, किमान ५.३४ मीटर. का, तर आगीचा बंब तेवढ्यात वळतो. उजेडाचा, हवेचा हिशेब नाही, बंबाचा आहे. हे मी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “निदान बंब तरी येत व्हता म्हणायचा.”

ग्रेटे आणि हान्स त्या श्लाफगेंगरांच्या एक पायरी वरचे. त्यांची खोली ‘म्योब्लीर्ट’ आहे, म्हणजे सामानासकट भाड्याची. कपाट आहे, आरसा आहे, खिडकीला पडदा आहे. दोघं कारखान्यात जात नाहीत. बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात असा एक मोठा वर्ग तयार झाला होता, दुकानांत, सलूनांत, कचेऱ्यांत, हॉटेलांत राबणारा, पगार मजुराइतकाच पण कॉलर पांढरी. झीगफ्रीड क्राकाउअर या पत्रकाराने १९३० साली याच नोकरदारांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ही माणसं दिवसभर काउंटरमागे हसतात आणि संध्याकाळी सिनेमाच्या अंधारात जाऊन बसतात, हे त्याने फार बारकाईने पाहिलं होतं. सिनेमा लागला त्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांहून जास्त लोक बेकार होते. म्हणजे हान्सच्या हातातला ट्रे आणि ग्रेटेच्या हातातली कानस याच दोन मोठ्या गोष्टी होत्या. सिनेमात बेकारीचा शब्द मोठ्याने कुणी काढत नाही. पण दोन कमावत्या माणसांना मिळून एकच खोली परवडते, यात सगळं आलं.

मला या सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती या दोघांची कामं. लेखकांनी, रोबेर्ट लीबमान आणि हान्स सेकेली यांनी, ती उगाच निवडलेली नाहीत. मॅनिक्युअर करणारी मुलगी रोज श्रीमंतांचे हात हातात घेऊन बसते. वेटर रोज श्रीमंतांच्या पाठीमागे उभा राहतो. श्रीमंत कसे हसतात, बिल न बघता कसं देतात, खुर्चीवर कोट कसा टाकतात, हे या दोघांइतकं खुद्द श्रीमंतांनाही ठाऊक नसेल. म्हणून एकमेकांसमोर ते सोंग इतकं बेमालूम वठतं. खोटं बोलायचीही गरज पडत नाही, नोकरीत जे रोज पाहिलं ते नुसतं अंगावर घ्यायचं. आपल्याकडे फाइव्ह स्टार हॉटेलात कामाला लागलेला चाळीतला पोरगा गणपतीत गावी गेला की पाण्याचा पेलाही कसा वेगळा धरतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

फक्त एक गोष्ट मला खटकली. दिवसभर हात बघणाऱ्या ग्रेटेला हान्सचा हात बघून संशय कसा येत नाही? सतत ट्रे तोलणाऱ्या माणसाचं मनगट लपत नाही. आबांचं निरीक्षण आणखी खाली गेलं. “रातभर उबा ऱ्हायलेला मानूस असा नाचंल? ह्याचं पाय दुकत न्हायत?” पुढे विली फ्रिच पडद्यावर आला की आबा त्याच्या पायांकडेच बघायचे.

विली फ्रिच हा तेव्हाचा उफाचा लाडका नायक. लांब, सरळ, दातांनी हसणारा. ग्रेटे झालेली केटे फॉन नाज मूळची हंगेरीकडची. चेहरा टोकदार आणि डोळे सतत काहीतरी हिशेब करणारे. सुंदर तर ती आहेच, पण रागावते झकास. न पाहिलेल्या माणसावर रागावणं हे नटीला सोपं नसतं, समोर कुणी नसतं ना. उशी, कपाट, खाट, यांच्यावरच राग काढायचा. केटे फॉन नाज तो काढते तेव्हा त्या रिकाम्या खोलीत तिसरं कुणीतरी उभं आहे असं वाटतं.

दोघं फिरायला जातात पॉट्सडॅमला, सांसूसी राजवाड्यात. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४५ ते १७४७मध्ये बांधून घेतलेला हा उन्हाळी वाडा. नावाचा अर्थ ‘चिंतेविना’. खिशात नाण्यांची चिंता घेऊन दोन भाडेकरू ‘चिंतेविना’त हिंडतात, हा विनोद प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नसेल. पण त्यात आणखी एक टाचणी होती. उफाची मालकी १९२७पासून आल्फ्रेड हुगेनबेर्ग या कट्टर राष्ट्रवादी वृत्तपत्रमालकाकडे होती, आणि याच कंपनीने डिसेंबर १९३०मध्ये याच राजावर, याच वाड्यातला, छाती फुगवणारा बोलपट काढला होता. त्यावरून बर्लिनच्या थिएटरात आरडाओरडाही झाला होता. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिनेमात तो वाडा म्हणजे प्रेमात पडलेल्या दोघांसाठी तिकीट काढून बघायची जागा झाली. बर्गर मूळचा नाटकवाला, शेक्सपिअर बसवणारा. त्याने राजाला हात लावला नाही, फक्त राजाच्या घरात एक वेटर आणि एक नखं कोरणारी सोडून दिली.

आता सिनेमातल्या सिनेमाबद्दल सांगायला हवं, कारण मला तरी त्यासाठीच हा पुन्हा पाहावासा वाटतो. खोलीच्या शेजारी एक थिएटर आहे, आणि त्याच्या प्रोजेक्शनच्या खोलीत रिळं चढवणारा हेल्मुट हा हान्सचा दोस्त. थिएटरात चालू आहे एक झगमगीत संगीतिका, जिन्यांवरून पायघोळ झगे उतरतायत, सगळे गातायत, कुणालाच उद्या कामावर जायचं नाही. तो सिनेमा म्हणजे सरळ सरळ उफाच्याच मालाची टर. उफाच्या पैशाने, उफाच्या नायकाला घेऊन, उफाच्याच संगीतकाराकडून केलेली. वेर्नर रिशार्ट हायमान हा तो संगीतकार. त्याच्या चालीवर कॉमेडियन हार्मोनिस्ट्स हे सहा जण (पाच गाणारे, एक पियानोवाला) गाणं म्हणतात: मी रविवारी माझ्या थिएटरात जातो आणि पडद्यावर ती बडी माणसं बघतो... गाणाऱ्यांचे आवाज एकमेकांत इतके मिसळलेले की एकच माणूस पाच तोंडांनी गातोय असं वाटावं. ऐकताना आपण हसतो, आणि मग लक्षात येतं, हे गाणं आपल्याबद्दल आहे. थिएटरात बसलेल्या ग्रेटे आणि हान्सबद्दल आहे. रविवारबद्दल आहे.

बोलपट येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. उफाने नॉयबाबेल्सबर्गला, त्या सांसूसीपासून फार लांब नव्हे, १९२९ साली आवाजाचा स्टुडिओ बांधला. विटांचा, बिनखिडक्यांचा, वरून पाहिलं तर क्रुसाच्या आकाराचा, चार बाजूंना चार चित्रीकरणाच्या जागा. पहिल्या बोलपटांत माणसं फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनशी बोलल्यासारखी एका जागी खिळलेली असतात. १९३२पर्यंत ही भीती गेली होती. बर्गरने तर आवाजाचा उपयोगच वेगळा केला. थिएटरातलं संगीत भिंत ओलांडून भाड्याच्या खोल्यांत येतं. इकडे माणूस दाढी करतोय, आणि पलीकडच्या स्वप्नातलं ऑर्केस्ट्रा त्याच्या साबणाच्या फेसाला ताल देतंय. मूकपटात पलीकडचं थिएटर दाखवता आलं असतं, ऐकू आणता आलं नसतं. आणि ज्यांनी पातळ भिंतींच्या घरांत दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे की शेजार हा डोळ्यांनी नसतोच, कानांनी असतो.

याच सेटवर हा सिनेमा आणखी दोनदा घडला. एकदा फ्रेंचमध्ये, एकदा इंग्रजीत. डबिंग अजून भरवशाचं नव्हतं, म्हणून तेच सेट, त्याच चाली, आणि भाषेप्रमाणे नट बदलायचे. फ्रेंचमध्ये ग्रेटे केटे फॉन नाजच राहिली, हान्सच्या जागी फेर्नाँ ग्रावे आला. इंग्रजीत ग्रावे राहिला आणि नायिका बदलली, हेदर एंजल आली. म्हणजे तीन भाषांत मिळून एकाच खाटेवर दोन ग्रेटे आणि दोन हान्स झोपून गेले. हा उद्योग आपल्याला परका नाही. त्याच १९३२ साली कोल्हापुरात प्रभातवाल्यांनी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि ‘अयोध्या का राजा’ हिंदीत असाच जोडीने काढला होता, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना घेऊन. दोन कंपन्यांनी एकमेकांचं पाहून केलं असं नाही. अडचण सारखी होती, म्हणून तोडगा सारखा निघाला.

मध्यंतर मी चहासाठी केलं. चहा पिता पिता आबा गाळ्यावर आले. मी वाटच बघत होते.

आबा संगमेश्वरकडचे. सोळाव्या वर्षी मुंबईला आले ते गाववाल्यांच्या गाळ्यात. दहा बाय बाराची खोली, माणसं बारा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी, आणि झोपायला ट्रंकेच्या पुढची तेवढी जागा. बारा माणसं एकदम झोपली तर मावलीच नसती. पाळ्या होत्या म्हणून मावत होती. जेवण खानावळीत, अंघोळ नळावर, बाकी संसार ओट्यावर. आबांची नोकरी पहिल्या पाळीची, सकाळी सातची, आणि संध्याकाळी रात्रशाळा. त्यांच्या वाट्याला आलेली जागा रातपाळीच्या एका माणसाबरोबर अर्धी होती. पलीकडच्या वाडीतला, आबांहून दहा-बारा वर्षांनी मोठा. आबांनी त्याला गावी कधी पाहिलं नव्हतं.

“सोमवारी आलो. तोंड दिसलं थेट आईतवारी.”

आबा चारला कामावरून यायचे तेव्हा तो डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला असायचा. फक्त पाय बाहेर. लांबलचक पाय, टाचा भेगाळलेल्या, मधल्या बोटाचं नख काळं. आबा हातपाय धुऊन बाहेर पडायचे, दहाला शाळेतून परत यायचे, तोवर तो भजनाला गेलेला असायचा आणि तिथूनच परस्पर मिलमध्ये. वळकटी मात्र उबदार असायची, खोबरेल तेलाच्या वासाची. उशीवर डोक्याच्या जागी काळपट गोल. चादरीच्या घडीत बिडीची राख. “मी त्येला आठवडाभर शिव्या घातल्या. मनातल्या मनात. राख बगितली की घालायच्या. त्यो पन घालत आसनार, माज्या वह्यांची शाई सांडायची चादरीवर.”

आणि आरसा. भिंतीवर हातभर लांबीचा, पारा उडालेला एक आरसा होता, तो या दोघांच्या जागेवर आला होता. आबा बुटके. पहिल्या दिवशी त्यांना आरशात आपलं कपाळसुद्धा दिसेना. त्यांनी वीतभर खाली दुसरा खिळा ठोकला आणि आरसा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर आरसा परत वर. यांनी परत खाली. पुढे हे रोजचंच झालं. तक्रार नाही, बोलणं नाही. पहाटे आरसा खाली यायचा, सकाळी वर जायचा.

“मग रविवारी?” मी विचारलं.

“आईतवारी दोगं एकदम खोलीवर. बसायला जागा न्हाय. मग गेलो भारतमाताला, सिनेमाला. त्येनं माजं तिकीट काडलान.”

“कुठला सिनेमा?”

“कुणाला आटवतंय? तमाशाचा व्हता. त्यो आख्खा सिनेमा झोपला.”

भिंतीपलीकडून येणाऱ्या ऑर्केस्ट्राचं कौतुक मी करत होते, तेव्हा आबा काही बोलले नव्हते. आता म्हणाले, आमच्याकडे भोंगा होता. सगळ्या गिरण्यांचे भोंगे वेगवेगळ्या सुराचे, आपला कुठला ते झोपेतही कळायचं. त्याचा वाजला तर हे कूस बदलायचे, यांचा वाजला तर उठायचे.

उरलेला सिनेमा आम्ही न थांबवता पाहिला. खोलीचं कोडं सुटतं, शिव्या घालायचा माणूस आणि जीव लावलेला माणूस एकच निघतो, पलीकडच्या पडद्यावरही गोड होतं आणि अलीकडेही. शेवट थोडा लांबलाय, पण बर्गरला दोन सिनेमे एकदम संपवायचे होते, चालायचंच.

दिवे लावल्यावर आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कुठलाही जुना सिनेमा पाहिला की ते विचारतात. “ही मानसं फुडं काय झाली?”

मला ठाऊक होतं, म्हणून सांगत बसले. सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांनी, ३० जानेवारी १९३३ला हिटलर चॅन्सेलर झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २९ मार्चला, उफाच्या संचालकांची बैठक झाली आणि कंपनीतल्या ज्यू लोकांचे करार मोडायचं ठरलं. सरकारी हुकूम यायच्या आधीच. या सिनेमाचा निर्माता पॉमर गेला. संगीतकार हायमान गेला. पॅरिस, मग हॉलिवूड, तिथे त्याने लुबिट्श या दिग्दर्शकाच्या चित्रपटांना संगीत दिलं, १९५१मध्ये परत आला, १९६१मध्ये म्युनिकला वारला. दिग्दर्शक बर्गर हिंडत हिंडत लंडनला पोचला. १९४०चा बगदादच्या चोरावरचा तो रंगीत ब्रिटिश सिनेमा, ज्यात म्हैसूरकडचा साबू आहे, त्याच्या दिग्दर्शकांत बर्गरचं नाव आहे. तोवर तो हॉलंडला परतला होता, युद्धाची वर्षं त्याने तिथेच ॲमस्टरडॅममध्ये जीव मुठीत धरून काढली. सेकेलीला अमेरिकेत चित्रपटकथेचं ऑस्कर मिळालं, तेही दुसऱ्याच नावाने. गाणाऱ्या सहांपैकी तिघं ज्यू होते; १९३५मध्ये त्यांना एकत्र गायला बंदी झाली आणि तो मिसळलेला आवाज तिथेच फुटला. फ्रिच जर्मनीतच राहिला, नायकच राहिला. तो आणि केटे फॉन नाज दोघंही १९७३ सालीच गेले, तो हॅम्बुर्गला, ती दूर अमेरिकेत.

“आनि लिवनारा?”

रोबेर्ट लीबमान. हा साधा लेखक नव्हता, उफाच्या पटकथा विभागाचा प्रमुख होता. मार्लेन डीट्रिश ज्याने जगाला ठाऊक झाली त्या १९३०च्या बोलपटाच्या लेखनातही तो होता. बर्लिनचा जन्म, बर्लिनचीच जीभ. ग्रेटे आणि हान्स जे चुरचुरीत बोलतात त्यात त्याचा हात होता. तो पॅरिसला पळाला, तिथे काही सिनेमे लिहिले. मग जर्मन पॅरिसमध्ये आले. १९४२मध्ये त्याला पॅरिसजवळच्या ड्रान्सीच्या छावणीतून आउश्वित्झला नेलं आणि मारलं.

हे मराठीत सांगताना मला पहिल्यांदाच ते मोठ्याने ऐकू आलं. माहितीपुस्तिकेसारखंच वाक्य. नेलं, मारलं.

आबा झाकणातल्या चकलीचा चुरा बोटाने गोळा करत होते.

“त्यो बी ग्येला,” ते म्हणाले. मला वाटलं लीबमानबद्दल बोलतायत. “छाती भरली व्हती. कापूस जातो ना आत. पेरनीला म्हनून गावाला ग्येला, आला न्हाय.”

“मग तुमच्या जागेवर?”

“नवा आला. बदलीवाला. त्यो माज्यायेवडाच.”

“म्हणजे आरसा खालीच राहिला असेल.”

“न्हाय गो बाय. म्या पाटं दाडी केली की निगताना वरच्या खिळ्याला लावून जायचो. हाताला वळान पडलं व्हतं.” ते हसले. “नव्याला काय म्हाईत? त्येला दिसायचं न्हाय आरशात. त्यो चिट्टी ठेवायचा उशीत. कोन भडवा हाय त्यो उंच, म्हनून.”